लहान एंजिन आणि अधिक शक्ति

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत जुनी मोटारगाडी अजून पुष्कळ घरीं आढळते. कोठें आजोबांनीं घेतलेली प्रीमिअर पद्मिनी छपराखालीं उभी असते व लग्नकार्याच्या दिवसांत तेवढी बाहेर निघते. कोठें जुनी जिप्सी पांढरकवड्याच्या बाजूस, टिपेश्वरच्या जंगलांत पाहुण्यांस वाघ दाखविण्याच्या कामीं झिजलेली असते. या गाड्यांच्या धन्यांची तक्रार बहुधा एकच, कीं गाडीला पिकअप राहिला नाहीं. विद्यार्थ्यांचा प्रश्न याच्या एक पाऊल पुढचा असतो: एंजिन तेंच ठेवून त्यांतून अधिक शक्ति काढतां येईल काय? येईल. परंतु ती कोठून येते, किती येते व तिच्या मोबदल्यांत काय द्यावें लागतें, हें समजून घेतल्यावांचून पाना हातीं धरूं नये, म्हणून हा पाठ आम्ही येथें देत आहों.

उदाहरणादाखल पद्मिनीचेंच एंजिन घेऊं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथें उभा राहिला. इटलींतील फियाट कंपनीची ११०० ही गाडी तेथें तयार होऊं लागली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची गेली. गांवोगांवच्या खाजगी गाड्या मात्र अद्यापि टिकून आहेत. हिच्या एंजिनाचें मूळ याहूनही जुनें आहे. दान्ते जाकोसा या इटालियन एंजिनिअराच्या हातचें, याच मापाचें एंजिन १९३७ सालच्या फियाट गाडींत होतें.

या एंजिनांत चार नळकांडीं एका ओळींत आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि त्यांत खालींवर होणाऱ्या दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. नळकांड्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ ३६.३ चौरस सेंटिमीटर भरतें; त्यास ७.५ नें गुणिलें असतां २७२.४, आणि त्याची चौपट सुमारें १०८९ घन सेंटिमीटर. म्हणजे साधारण एक लिटरच्या लोट्याएवढ्या जागेंतून ही गाडी पांच माणसें ओढते. पद्मिनीची शक्ति सुमारें ४० अश्वशक्ति धरली जाते.

आतां ही शक्ति येते कोठून? पेट्रोलांतून, असें कोणीही चटकन् सांगेल, आणि तें खोटें नाहीं. परंतु लोहाराच्या भट्टींत कोळसा कितीही टाकला तरी भाता चालविल्यावांचून लोखंड लाल होत नाहीं. एंजिनाचेंही तसेंच. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल अधिक सोडणें सोपें आहे, कार्ब्युरेटरचें भोंक मोठें केलें कीं झालें. कठीण आहे तें हवा अधिक आंत घेणें. ज्या एंजिनांत हवा अधिक जाईल त्याची शक्ति अधिक, हें सूत्र विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

थोडें गणित करूं. एंजिन मिनिटाला ४८०० फेरे फिरत आहे असें धरा. प्रत्येक नळकांडें दोन फेऱ्यांत एकदांच हवा ओढतें. म्हणून सगळें एंजिन मिनिटास २४०० वेळां १.०८९ लिटर, म्हणजे सुमारें २६१४ लिटर हवा ओढूं शकेल. प्रत्यक्षांत झडपेच्या अरुंद वाटेनें इतक्या घाईंत नळकांडें पुरतें भरत नाहीं. शेंकडा ७५ ते ८० भरलें तरी जुन्या एंजिनास तें ठीक म्हणावें. ती हवा सुमारें अडीच किलो होते. तिच्यांत मिनिटाला सहावा हिस्सा किलो पेट्रोल जळतें. त्यांतून निघणाऱ्या उष्णतेचा फक्त चवथा हिस्सा चाकांकडे जातो, आणि त्याचेच ते चाळीस घोडे. बाकीचे तीन हिस्से धुराच्या नळींतून, रेडिएटरांतून व घर्षणांत नाहींसे होतात. हे तीन हिस्से विसरूं नका. त्यांच्याशीं पुढें गांठ पडणार आहे.

वरील हिशेब समुद्रकांठच्या थंड हवेचा झाला. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर आहे, व तेवढ्यानेंच हवेचा दाब शेंकडा ५ उतरतो. त्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तीच हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां शेंकडा ९ विरळ होते. दोन्ही मिळून शेंकडा १४ ची तूट. चाळीस घोड्यांपैकीं पांचसहा घोडे अशा रीतीनें उन्हानें व उंचीनें खाल्ले. (उष्णतेचा प्रत्यक्ष परिणाम याहून कांहींसा कमी असतो, कारण हवा आंत शिरतांना एंजिनाच्या धगीनें कोठेंही तापतेच, तरी अंदाजास हा हिशेब पुरे.) गाडी दिवाळींत बरी पळते आणि वैशाखांत कण्हते, असें सांगणाऱ्या धन्यास आपण भ्रमिष्ट समजूं नये.

ऊन आणि उंची आपल्या हातचीं नाहींत. परंतु जुन्या गाडींत याहून मोठी गळती दुसरीकडेच असते. एका पालकांनीं आमच्यापाशीं अशीच गोष्ट काढली होती. त्यांच्या पद्मिनीस चढण झेपत नव्हती. कोणी त्यांस दुहेरी कार्ब्युरेटर बसविण्याचा सल्ला दिला होता व त्यासाठीं त्यांनीं पैसेही बाजूस ठेविले होते. आम्हीं एवढेंच सुचविलें, कीं आधीं चारही नळकांड्यांचा दाब मोजून घ्यावा. प्लग काढून त्याच्या जागीं दाबमापक घट्ट धरावयाचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावयाचा व स्टार्टरनें एंजिन फिरवावयाचें, एवढीच ही परीक्षा आहे. तीन नळकांड्यांत दाब चौरस इंचास १३५ ते १४० पौंड निघाला. तिसऱ्यांत अवघा ९५. मग त्या नळकांड्यांत चमचाभर एंजिन ऑइल घालून पुन्हां मोजलें. तेल घातल्यानें दाब वाढला असता तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असें समजावयाचें, कारण तेलानें त्यांची फट तात्पुरती बुजते. दाब वाढला नाहीं. अर्थात् दोष झडपेचा. हेड उतरविलें तों धूर सोडणारी झडप एका कडेनें जळलेली. झडप बदलून, बैठक घांसून, हेड परत बसविलें. चढणीची तक्रार गेली आणि दुहेरी कार्ब्युरेटरही राहिला. चार बैलांपैकीं एक बसलेला असतां उरलेल्या तिघांस अधिक चारा घालून काय होणार?

म्हणून शक्ति वाढविण्याचा पहिला भाग म्हणजे हरवलेली शक्ति परत मिळविणें होय, आणि आमच्या मतें बहुतेक घरगुती गाड्यांचें काम येथेंच भागतें. टॅपेटची फट ठरल्याप्रमाणें आहे किंवा नाहीं, प्लगचीं टोंकें जळलीं आहेत काय, डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट खडबडीत झाले आहेत काय, हें पाहावें. टायमिंगकडे विशेष लक्ष द्यावें. ठिणगी दट्ट्या वर पोंचण्याच्या थोडी आधीं पडावी लागते, कारण मिश्रण जळावयास क्षणाचा अंश का होईना वेळ लागतो. ती उशीरा पडली तर जळणारा वायु दट्ट्यास ढकलण्याऐवजीं धुराच्या नळीसच तापवितो. हवेची गाळणी तर आमच्या जिल्ह्यांत महिन्याच्या महिन्यास पाहावी. काळ्या मातीची धूळ बारीक असते, आणि कापसाच्या हंगामांत जिनिंगच्या रस्त्यानें जाणाऱ्या गाडीची गाळणी तंतूंनीं अशी भरते, कीं एंजिनानें नाक दाबून धांवावें तसें होतें. गाळणीच काढून टाकावी असें सांगणारे लोक आहेत. त्यांचें ऐकूं नये. हवा मिळेल खरी, परंतु तीच धूळ नळकांड्याच्या भिंती पॉलिसकागदाप्रमाणें घांसून काढील. शेवटीं गाडी सपाटीवर उभी करून हातानें ढकलून पाहावी. ती सहज सरकली नाहीं तर ब्रेक घांसत आहेत, आणि एंजिनानें कमावलेलें तें ड्रमांत जळत आहे.

पेट्रोलच्या नळीस चुंबक बांधल्यानें शक्ति वाढते असें सांगून पैसे घेणारेही अधूनमधून भेटतात. लोखंडास चुंबक ओढतें, पेट्रोलास नव्हे. हा प्रयोग शाळेंत कोणीही करून पाहावा. तसेंच सायलेन्सर काढून टाकल्यानें आवाज वाढतो, हें निर्विवाद. आवाजाचे घोडे मात्र गाडीस जुंपतां येत नाहींत.

आतां पेट्रोलाविषयीं. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांत पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें लक्ष्य गांठलें गेलें. हें इथेनॉल उंसापासून, तसेंच मका व तांदूळ यांपासूनही करितात. त्यास जळावयास हवा कमी लागते, नऊ भागांस एक. कारण प्राणवायूचा कांहीं अंश त्याच्या अंगींच असतो. त्यामुळें शुद्ध पेट्रोलासाठीं बसविलेल्या जुन्या जेटमधून आतां जें मिश्रण जातें तें हवेच्या मानानें कृश पडतें. एंजिन थंड असतां अडखळतें, चढणीवर तापतें व ओढ कमी होते. नव्या गाडींत धुरांतील प्राणवायु मोजून मिश्रण आपोआप सुधारतें. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरास ती अक्कल नाहीं. जाणत्या मिस्त्रीकडून मुख्य जेट एक माप मोठा बसवून घेणें हा त्यावर साधा उपाय आहे. जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलनें फुगतात व चिरतात, तेही त्याच वेळीं पाहावे. पेट्रोल गळून तापल्या एंजिनावर पडलें तर शक्तीचा प्रश्न बाजूस राहून गाडीच जाईल. इथेनॉल हवेंतील पाणी शोषितें, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टांकींत जुनें पेट्रोल तसेंच ठेवूं नये. एक गुण मात्र त्याच्यापाशीं आहे: तें लवकर ठोका देत नाहीं. ठोका म्हणजे काय तें पुढें येतें.

मूळच्यापेक्षां अधिक शक्ति काढावयाची तर इतिहासांत डोकावावें. १९३७ सालीं ६८ व ७५ मिलिमीटरच्या या एंजिनानें ३२ अश्वशक्ति दिली. १९५३ सालच्या नव्या ११०० गाडींत तेंच माप ३६ वर आलें. त्याच वर्षीं फियाटनें हिची एक वेगवान आवृत्ति काढिली, तिच्यांत त्याच १०८९ घन सेंटिमीटरांतून सुमारें ५० अश्वशक्ति निघाली. १९४६ साली जाकोसाच्याच आराखड्यावरून झालेल्या चिसितालिया नांवाच्या लहान शर्यतीच्या गाडींत हें एंजिन याहूनही पुढें गेलें. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धांवपट्टीवर फियाट ११०० च्या शर्यती होत, त्यांतही हेच प्रयोग चालत. माप तेंच; मग शक्ति वाढली कशानें? तीन गोष्टींनीं: अधिक दाब, अधिक श्वास, अधिक फेरे.

दाबाचें गणित असें. दट्ट्या पुरता वर गेल्यावर त्याच्या माथ्यावर उरलेली जागा ४२ घन सेंटिमीटर असेल, तर २७२.४ आणि ४२ मिळून ३१४.४ घन सेंटिमीटर मिश्रण ४२ मध्यें दाबलें जातें. प्रमाण साडेसातास एक. हेडचा तळ लेथवाल्याकडून घांसून ही जागा ३६.३ केली तर प्रमाण साडेआठ होतें. उष्णताशास्त्राच्या नियमानें यांत शेंकडा ४ चा लाभ आहे, अधिक नाहीं. उलट दाब फार वाढविला तर ठिणगीची वाट न पाहतां मिश्रणाचा उरलेला भाग एकदम भडकतो व एंजिनांत खिळे ठोकल्यासारखा आवाज येतो. हाच तो ठोका. चढणीवर तो ऐकूं येत असतां अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरणें म्हणजे दट्ट्यास भोंक पाडून घेणें होय. नळकांडें ६८ चें ६९ मिलिमीटर केलें, म्हणजे मिस्त्री ज्यास बोअर मारणें म्हणतात तें केलें, तर घनफळ १०८९ चें सुमारें ११२२ होतें. लाभ शेंकडा ३. बोअर मारल्यावर गाडी नवी वाटते ती या तीन टक्क्यांनीं नव्हे, तर रिंगा पुन्हां घट्ट बसल्यामुळें.

खरा लाभ श्वासांत आहे. फियाटच्या त्या ५० अश्वशक्तीच्या गाडींत दोन घशांचा वेबर कार्ब्युरेटर होता व दाबही वाढविलेला होता. हेडमधील वाटा गुळगुळीत करणें, झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघडणारी कॅमशाफ्ट घालणें, चारही नळकांड्यांचा धूर एकमेकांस न अडखळतां बाहेर पडेल असा मॅनिफोल्ड लावणें, हे सर्व त्याचेच प्रकार. मारुतीच्या जिप्सीचें उदाहरण याहून बोलकें आहे. तिच्या १२९८ घन सेंटिमीटरच्या एंजिनास आरंभीं आठ झडपा व कार्ब्युरेटर होता, तेव्हां तें सुमारें ६० अश्वशक्ति देई. पुढें प्रत्येक नळकांड्यास दोनऐवजीं चार झडपा आल्या, कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवाऱ्यानें मोजून सोडूं लागले, आणि तेवढ्याच मापांतून सुमारें ८० अश्वशक्ति निघाली. नळकांडें न वाढवितां वीस घोडे केवळ नाक मोकळें केल्यानें आले. जुन्या पद्मिनीस सोळा झडपा बसविणें अर्थात् घरच्या मिस्त्रीचें काम नव्हे. परंतु एंजिनाच्या घरांतील उकळत्या हवेऐवजीं समोरच्या जाळीकडून बाहेरची हवा गाळणीपर्यंत एका नळीनें आणणें हें कोणासही साधेल. बॉनेटखालीं ६० अंश असतां बाहेरची ४५ अंशांची हवा थंडच म्हणावयाची, आणि ती शेंकडा चारपांचांनीं दाट असते. पावसाळ्यांत नळीचें तोंड पाण्याच्या वाटेंत येणार नाहीं एवढें पाहिलें म्हणजे झालें.

कॅमशाफ्टविषयीं एक सूचना देणें अवश्य आहे. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारी कॅमशाफ्ट वेगांत शक्ति देते आणि सावकाश चालींत काढून घेते. शर्यतीच्या मैदानांत एंजिन सदा ५००० फेऱ्यांवर असतें; दारव्ह्याच्या बाजारांतून बैलगाडीमागें जाणारें एंजिन १५०० वर असतें. अशा ठिकाणीं शर्यतीची कॅमशाफ्ट घातलेली गाडी अडखळते, पेट्रोल पिते व सिग्नलवर बंद पडते. तरुण विद्यार्थ्यांस हें ऐकावयास आवडत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

आतां आणखी एक हिशेब, आणि तो पालकांसाठींही आहे. सुमारें ९०० किलोची गाडी, तींत माणसें व सामान ३५० किलो. रस्ता पंधरा मीटरांस एक मीटर चढणारा. वेग ताशीं ४० किलोमीटर. एवढें वजन त्या वेगानें उचलावयास सुमारें १२ अश्वशक्ति पुरते. चाकांचा व हवेचा अडथळा धरून सोळा. एंजिन चाळिसाचें, उन्हाळ्यांत चौतिसाचें. मग गाडी कण्हते कां? कारण ती शक्ति मिनिटास ४८०० फेऱ्यांना असते, आणि चालक चौथ्या गिअरांत अट्टाहासानें बसलेला असतो, तेथें ४० च्या वेगास फेरे त्याच्या निम्म्याहूनही कमी. गिअर उतरवून एंजिनास फिरूं द्यावें. घोडे तेथेंच उभे आहेत. पेट्रोल वांचविण्याच्या समजुतीनें वरच्या गिअरांत गाडी रेटणारे लोक एंजिनास ठोका व बेअरिंगास मार देतात.

सपाट रस्त्यावर उलट प्रकार होतो. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा भेदण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ४० चे ५० घोडे केले, तरी कमाल वेग शेंकडा ८ च वाढेल. ताशीं १२० जाणारी गाडी १२९ जाईल. परंतु गाडी थांबवितांना ब्रेकांनीं जिरवावयाची ऊर्जा वेगाच्या वर्गानें वाढते. ती शेंकडा १६ अधिक. पद्मिनीच्या चारही चाकांस ड्रम ब्रेक आहेत, व ते लागोपाठ दाबल्यास तापून ढिले पडतात. नागपूर ते तुळजापूर हा जो रुंद महामार्ग यवतमाळवरून जातो, त्यावर जुनी गाडी वेगानें हांकण्याचा मोह होतो. आमचें स्पष्ट मत आहे, कीं ज्या गाडीचे ब्रेक शू, चाकाचे सिलिंडर व टायर नवे केलेले नाहींत तिच्या एंजिनास शक्तीसाठीं हात लावूं नये. पैसे थोडे असतील तर ते आधीं तेथेंच घालावे.

उष्णतेचे ते तीन हिस्सेही येथें पुन्हां भेटतात. चाळिसाचे पन्नास घोडे झाले कीं रेडिएटरनें बाहेर टाकावयाची उष्णताही त्या मानानें वाढते, आणि पन्नास वर्षांच्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षारानें बुजलेल्या असतात. शिवाय या एंजिनाची क्रँक तीनच बेअरिंगांवर फिरते. पुढच्या काळांतील चार नळकांड्यांच्या एंजिनांस बहुधा पांच असतात. फेरे वाढविले म्हणजे मधल्या भागांत क्रँक लवूं पाहते. म्हणून टर्बो बसविण्याच्या गोष्टी जुन्या ११०० च्या बाबतींत आम्हांस पटत नाहींत.

कोणी एंजिनच बदलून मोठें बसवूं म्हणेल, तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणें नोंदणीपुस्तकांतील मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरफार करतां येत नाहीं. एंजिन बदलणें झाल्यास परिवहन कार्यालयाची परवानगी व नोंद लागते. टॅपेट, टायमिंग, जेट, गाळणी व झडपा यांस अशी परवानगी लागत नाहीं. धुराची तपासणी मात्र त्यानंतर पुन्हां करून घ्यावी, म्हणजे जेट प्रमाणापेक्षां मोठा झाला असल्यास तेंही तेथेंच उघडकीस येईल.

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं दोन उदाहरणें देऊन ठेवितों. जिप्सीच्या मोठ्या एंजिनाचा व्यास ७४ मिलिमीटर व धांव ७५.५, पहिल्या लहान एंजिनाचा व्यास ६५.५ व धांव ७२. नळकांडीं दोहोंतही चार. घनफळ काढून पाहावें. उत्तर पहिल्याचें १२९८ व दुसऱ्याचें ९७० घन सेंटिमीटरांच्या जवळ यावें. मग मोठ्या एंजिनानें मिनिटास ६००० फेऱ्यांना शेंकडा ८५ भरून किती लिटर हवा ओढली, आणि यवतमाळच्या मे महिन्यांत तिचें वजन किती भरलें, हें वरच्या रीतीनें काढावें.